संघ राहतो, मुले जातात

लंडन म्हटले की मराठी वाचकाला इंग्लंडची राजधानी आठवते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातही एक लंडन आहे आणि तिथल्या नदीचे नावही थेम्सच आहे. या दुसऱ्या लंडनच्या अभिमानाचा विषय म्हणजे 'लंडन नाइट्स' हा ज्युनियर आइस हॉकी संघ. सोळा ते वीस वर्षे वयाची मुले त्यात खेळतात आणि सुमारे नऊ हजार प्रेक्षक त्यांना पाहायला तिकिटे काढून येतात.

या संघाचा इतिहास एखाद्या कादंबरीच्या कथानकासारखा सांगितला जातो. १९६५ साली 'लंडन नॅशनल्स' या नावाने सुरुवात झाली, १९६८ साली 'नाइट्स' हे नाव आले. पुढची अनेक वर्षे अजिंक्यपदाविना गेली. १९९५-९६ च्या हंगामात ६६ सामन्यांपैकी फक्त ३ जिंकले, ६० हरले. २००० साली डेल आणि मार्क हंटर या माजी खेळाडू भावांनी संघ विकत घेतला. २००४-०५ मध्ये याच संघाने पहिल्या ३१ सामन्यांत हार पत्करली नाही, ५९ विजय मिळवले आणि सिडनी क्रॉस्बीच्या रिमूस्की संघाला ४-० असे नमवून मेमोरियल कप जिंकला. २०१६ साली तो कप पुन्हा आला.

अलीकडची कामगिरीही तोलामोलाची आहे. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे संघ ऑन्टॅरिओ लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला. त्यातली शेवटची दोन अजिंक्यपदे त्याची. २०२४ च्या मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात तीन गोलांची पिछाडी भरून काढल्यावर, शेवटच्या अर्ध्या मिनिटात झालेल्या गोलाने सॅगिनॉने त्याला ४-३ असे हरवले. वर्षभराने, रिमूस्कीतच, मेडिसिन हॅट टायगर्सवर ४-१ असा विजय मिळवून त्याने कप परत आणला.

असो. हा इतिहास खरा आहे. पण तो नेमका कोणाचा, हा प्रश्न विचारायला हवा. १९९६ साली हरलेल्या संघातला एकही मुलगा २००५ च्या विजेत्या संघात नव्हता, असणे शक्यच नव्हते. विसाव्या वर्षानंतर ज्युनियर हॉकीचे दार बंद होते. पॅट्रिक केन लंडनकडून एकच हंगाम खेळला, १४५ गुण मिळवून गेला. म्हणजे 'संघाचा फॉर्म' असे आपण म्हणतो तेव्हा मुले निवडण्याची, घडवण्याची आणि नवी मुले आकर्षून घेण्याची संस्थेची ताकद मोजत असतो. हंटर बंधूंची ती ताकद निर्विवाद आहे. दर तीन वर्षांनी विद्यार्थी बदलणाऱ्या महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना तिचे मोल सांगावे लागत नाही. पण महाविद्यालयाची कीर्ती विद्यार्थ्यांच्या पुढच्या आयुष्यावरही जोखली जाते. तीच कसोटी इथे का लावू नये?

ही मुले पंधरा-सोळाव्या वर्षी 'ड्राफ्ट'मधून निवडली जातात, घरापासून दूर परक्या कुटुंबात राहतात, हंगामात साठाहून अधिक सामने खेळतात. मोबदला म्हणून किरकोळ भत्ता आणि पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. २०१८ साली ऑन्टॅरिओ सरकारने त्यांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळले. कारण ती कामगार नव्हेत, हौशी खेळाडू आहेत. त्याच काळात सीमेपलीकडची अमेरिकन विद्यापीठे मात्र त्यांना व्यावसायिक ठरवून आपल्या संघांत प्रवेश नाकारत होती. एकच मुलगा, वेतनाच्या वेळी हौशी आणि प्रवेशाच्या वेळी व्यावसायिक! दोन्ही व्याख्या सोयीच्या होत्या. फक्त त्याच्या सोयीची एकही नव्हती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती दारे उघडली. यामुळे ज्युनियर संघ दुबळे होतील, जुनी परंपरा मोडेल, अशी हळहळ व्यक्त होते. आम्हाला ती पटत नाही. ज्या परंपरेला टिकण्यासाठी मुलांसमोर दुसरा मार्ग असू नये असे वाटते, ती परंपरा नव्हे, मक्तेदारी आहे. मुलाला जाण्याची मोकळीक असूनही तो लंडनला राहिला, तर ते त्या संघाच्या लौकिकाचे खरे प्रमाण ठरेल.

म्हणून नाइट्सच्या पुढील इतिहासात कपांच्या संख्येबरोबर आणखी एक नोंद असावी: विसाव्या वर्षी बर्फावरून उतरलेल्या मुलांपैकी किती जणांनी शिष्यवृत्ती वापरून शिक्षण पूर्ण केले? नॅशनल हॉकी लीगपर्यंत पोहोचलेल्यांची नावे सर्वांना पाठ असतात. उरलेल्यांचा हिशेब ठेवणे हे संस्थेचे काम आहे, आणि तो मागणे हे त्या नऊ हजार प्रेक्षकांचे.