संगणकाचे प्रमाणपत्र : कागद कोणता, दार कोणते?

बारावीचा निकाल लागला, की तालुक्याच्या गावी संगणक क्लासच्या पाट्या झळकतात. 'कोर्स करा, आयटीत नोकरी मिळवा.' मग फीसाठी कुणी उसनवारी करतो, कुणी दावणीची म्हैस विकतो. म्हणून कोणता कागद कुठे चालतो, हे आधी पाहिलेले बरे.

या प्रमाणपत्रांचे वाण तीन. पहिले सरकारी नोकरीच्या अटीचे. लिपिकासारख्या पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा नाइलिटचे सीसीसी मागतात. पण त्यातून पोराला संगणक वापरता येतो, एवढेच कळते. त्यावर आयटी कंपनी दारात उभे करीत नाही.

दुसरे कंपन्यांच्या परीक्षांचे. सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्क जोडणीची परीक्षा 1998 पासून आहे. तिची फी सुमारे 300 डॉलर, म्हणजे 25 हजार रुपयांच्या वर. क्लासची फी वेगळीच. मुदत 3 वर्षांची, पुढे नूतनीकरण करावे लागते. नेटवर्कच्या पहिल्या नोकरीसाठी अर्ज चाळताना या कागदाला वजन असते. पण मुलाखतीत 'हा बिघाड शोध' म्हटले, की कागद बाजूला राहतो. प्रोग्रामिंगच्या नोकरीत तर स्वतः लिहिलेला प्रोग्रामच दाखवावा लागतो.

तिसरे वाण क्लासने स्वतः छापलेले. बाहेर त्याला फारसे कुणी विचारीत नाही.

शेतकऱ्याला हे नवे नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो. तो शुद्धतेची आणि उगवणीची खात्री देतो, उताऱ्याची नाही. उतारा मशागतीवर असतो. इथे मशागत म्हणजे सराव, आणि तो स्वस्तात होतो. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सरावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. राऊटर विकत न घेता जोडणी शिकता येते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर 2017 पासून अभ्यासक्रम मोफत शिकता येतात, परीक्षा द्यायची तरच फी. आयटीआयमध्ये 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आधी तिथे हात बसवावा. गोडी टिकली, तर मोठ्या परीक्षेचे पैसे भरावेत.

क्लासवाल्याला चार प्रश्न विचाराच. परीक्षा कोण घेते? तिची फी यात धरली आहे का? प्रमाणपत्राची मुदत किती? त्याचा क्रमांक परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे तपासता येतो का? 'शंभर टक्के नोकरी' म्हणाला, तर तसे लेखी मागा. ग्रामपंचायतीने एवढे चार प्रश्न फलकावर लावले, तरी एखाद्याची म्हैस दावणीला राहील.