गोळीला उपास नसतो

आईला संधिवात होता असं सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "वय झालं की गुडघे दुखतातच." आईचं वय झालेलं नव्हतं. १९८७ च्या पावसाळ्यात तिची बोटं पहिल्यांदा सुजली तेव्हा तिनं पस्तिशीही ओलांडली नव्हती. सकाळी परात पुढ्यात घेऊन बसायची आणि मूठ वळायची नाही. पीठ तसंच पडून राहायचं. दहा वाजेपर्यंत हात जरा सुटायचे, म्हणून घरातल्यांना वाटायचं, ही सकाळच्या कामाचा कंटाळा करते.

तिला आमवात होता. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच उलटते आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. आधी सूज येते, मग कूर्चा झिजते, मग हाडं. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन-तीन पटींनी जास्त होतो, आणि कित्येकींना ऐन संसाराच्या वर्षांत गाठतो. आमच्या फलटणला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, गुग्गुळ झाला, तेलं झाली. मग कुणीतरी एका गावातून पुड्या आणून दिल्या. त्या घेतल्यावर आठवड्यात आई उठून कामाला लागली. घरात आनंदीआनंद. काही महिन्यांनी तिचा चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, आणि पुडी बंद केली की ती अंथरुणावरून उठेना. पुडीत स्टेरॉइड होतं, हे पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहूनच ओळखलं. तोवर बोटं वाकडी व्हायला सुरुवात झाली होती. ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. मोठ्या मात्रेत ते कर्करोगाचं औषध आहे. आमवाताला त्याची अगदी थोडी मात्रा पुरते, पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. आईनं सोमवार ठरवला. कालनिर्णयावर प्रत्येक सोमवारभोवती ती पेन्सिलीनं गोल काढायची. बोटांत पेन्सिल धरवेना, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. एकादशी सोमवारी आली की आजी विचारायची, "आज उपास ना गं?" आई म्हणायची, "उपास आहे, पण गोळीला उपास नसतो." आणि भगर-आमटी खाऊन गोळी घ्यायची. यकृताची आणि रक्ताची तपासणी तिनं कधी चुकवली नाही. तिची श्रद्धा आणि तिचं औषध एकमेकांच्या आड आले आहेत, असं मी कधी पाहिलं नाही. आजाऱ्याच्या श्रद्धेविषयी लिहिताना बोलणं लगेच चमत्काराकडे वळतं, म्हणून हे आधी सांगितलं.

आई माळकरी. रोज संध्याकाळी हरिपाठ. तुळशीचे मणी बोटांनी ओढणं पुढे जमेना, मग माळ मांडीवर पसरून मनगटानं एकेक मणी सरकवायची. ज्ञानेश्वरीची पानंही मनगटानंच उलटायची. त्या पोथीच्या उजव्या कडा अजून चुरगळलेल्या आहेत. पहाटे चारला तिला जाग यायची ती दुखण्यानं, भक्तीनं नव्हे, हे ती स्वतःच सांगायची. अंग सुटायला सात वाजायचे. मधले तीन तास ती पडल्या पडल्या अभंग म्हणायची. "नाहीतर तेवढा वेळ मी बोटांकडेच बघत बसले असते," असं एकदा म्हणाली होती.

संतांमध्ये तिची जिवाची जनाबाई. जनीबरोबर विठ्ठल दळायला बसतो, शेणी वेचायला जातो, ही कथा लहानपणापासून सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण ज्या बाईला भाकरी थापता येत नाही, केसांचा अंबाडा घालता येत नाही, ब्लाऊजची हुकं लावायला लेकीला हाक मारावी लागते, तिला ही कथा काय वाटत असेल ते मला गोपाळपूरला कळलं. पंढरपूरशेजारी तिथे जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. आई त्या जात्याच्या खुंट्याला मनगट टेकवून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "देव हाताला हात लावतो, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं." मी तेव्हा कॉलेजात होते, डोक्यात नव्या पुस्तकांचं वारं. मी विचारलं, "मग तुझ्या हाताला का नाही लावत?" ती रागावली नाही. "तू हुकं लावतेस ना," एवढंच म्हणाली.

तिनं नवस कधी बोलला नाही. बरं होण्यासाठी मागणं मागितलेलंही मी ऐकलं नाही. "जनीनं त्याला कुठं बोलावलं होतं? तो आपणहून आला," हे तिचं उत्तर. ती सदा शांत होती असंही नाही. काही रात्री ती उशीत तोंड खुपसून रडायची, आणि एका आषाढात तिनं सलग कित्येक दिवस हरिपाठ म्हटला नाही. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं तर म्हणाली, "माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे." पुन्हा कधी सुरू केला ते कुणाला सांगितलं नाही. तो अबोला मला तिच्या साऱ्या पाठांइतकाच खरा वाटतो. ज्याच्यावर रुसता येतं तोच आपला असतो, हे वारकरी घरात शिकवावं लागत नाही.

तिला खरा राग यायचा तो एका वाक्याचा: "मागच्या जन्मीचे भोग, दुसरं काय." भेटायला येणाऱ्या बायका सहानुभूतीनंच म्हणायच्या. आई एरवी कुणाला दुखवायची नाही, पण यावर मात्र उत्तर द्यायची: "पांडुरंग वहीखातं घेऊन बसत नाही हो." दुखणाऱ्या माणसाला त्याच्याच माथी दोष मारणारं हे वाक्य आपण किती सहज बोलतो. आजारानं बोटं वाकडी होतात. हे वाक्य ऐकून माणूस आतून वाकतो. तिला ते वाकवू शकलं नाही, याचं श्रेय मी तिच्या विठोबाला बिनशर्त देते.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी चांदोबाच्या लिंबाजवळचं पहिलं उभं रिंगण करून तरडगावला मुक्काम करते, आणि दुसऱ्या दिवशी फलटणला विमानतळाच्या मैदानावर उतरते. आमच्या दारावरून दिंड्या जायच्या. पिठलं-भाकरी शेजारणी करायच्या, आई ओट्यावर बसून पाणी द्यायची, तांब्या दोन्ही मनगटांत धरून. पायी वारी तिला कधी घडली नाही. पंढरीला एसटीनं गेलो तेव्हा पदस्पर्शाची रांग झेपणार नव्हती. नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीजवळ उभी राहून तिनं कळसाकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, तर म्हणाली, "चोखोबाला तरी कुठं आत जाऊ दिलं होतं?"

२०२० च्या मार्चमध्ये तिची दुसरी गोळी, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, दुकानांतून अचानक दिसेनाशी झाली. करोनावर ती चालते अशी बातमी पसरली होती आणि ज्यांना तिची गरज नव्हती त्यांनीही साठे केले. पुढे ती करोनावर उपयोगी नाही असंच सिद्ध झालं. पण त्या दिवसांत आमवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण चिठ्ठी हातात घेऊन दुकानं पालथी घालत होते. त्याच वर्षी पायी वारी थांबली, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आई टीव्हीसमोर बसून बघत होती. "बघ, माउलीही एसटीनंच गेली," म्हणाली आणि हसली. तिची सूज त्या आठवड्यात इतकी होती की हात जोडताही येत नव्हते.

आमवात शेवटी तिच्या फुफ्फुसांत गेला. हा आजार सांध्यांपुरता राहत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. २०२२ च्या कार्तिकात ती गेली.

सकाळी उठल्यावर तासभर कुणाची मूठ वळत नसेल, दोन्ही हातांची पेरं आणि मनगटं सुजत असतील आणि असं काही आठवडे चाललं असेल, तर लेप लावत बसू नका. पुड्या तर मुळीच घेऊ नका. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करा, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू झालं तर बोटं वाचवता येतात. देवळात जायचं असेल तर जरूर जा. फक्त दुखणाऱ्या माणसाला, हे कशाचं फळ आहे, ते सांगू नका.