पिठाचा कोंबडा आणि टीव्हीतलं बदक



परवा स्वाध्याय संपल्यावर आपल्या मंडळात मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला. एकीनं सांगितलं, "मी सरळ हिसकावून कपाटात कुलूप लावून ठेवते." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी येईपर्यंत मात्र मनाला टोचणी लागली. कारण हे मी तीस वर्षांपूर्वी करून बसलेली आहे, आणि त्याचा निकाल मला आत्ता या मे महिन्यात कळला.

१९९५च्या उन्हाळ्यात आमच्या सांगलीच्या घरात टीव्हीला जोडायचा व्हिडीओ गेम आला. किंमत १२०० रुपये. मी बी. कॉम. झालेली, घरखर्चाच्या जुन्या वह्या अजून जपून ठेवल्या आहेत, तेव्हा आकडा पक्का. त्यातले ३१० रुपये थोरल्याचे स्वतःचे होते. आजोबांनी, मामांनी निरोप देताना हातावर ठेवलेले खाऊचे पैसे त्यानं दोन वर्षं डब्यात साठवले होते. त्याला तेव्हा अकरावं लागलं होतं, धाकटा आठ वर्षांचा.

जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली जे यंत्र काढलं, त्याची ती नक्कल होती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. आपल्याकडे घरोघरी अशा नकलाच होत्या. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '९९९९ गेम'. माझा काही विश्वास बसेना. एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन मोजायलाच बसले. खरे गेम निघाले सतरा! बाकी तेच तेच पुन्हा, कुठे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठे नुसतं नाव बदललेलं. असा ताळेबंद मी परीक्षेत लिहिला असता तर सरांनी वहीच फेकली असती.

पण त्या सतरा गेमांनी आमचा सोपा भरून गेला. बाहेर ऊन मी म्हणायचं. खिडक्यांना ओले पडदे, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातलेल्या, आणि त्यांची राखण करणारी फौज सगळी टीव्हीसमोर. त्या वर्षी कावळ्यांची चंगळ झाली. गल्लीतली सात-आठ पोरं असायची आणि हातात धरायचे कंट्रोलर दोनच. एकाचा डाव गेला की दुसऱ्याची बारी. कॅसेट लागली नाही तर काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. त्या फुंकरीनं खरंच काही होत होतं की नाही देव जाणे, पण प्रत्येकाला वाटायचं की आपलीच फुंकर लागते. टीव्हीतल्या मारिओनं उडी मारली की आमची पोरंही जागच्या जागी ढुंगण उचलायची! आणि ऐन रंगात लाइट गेली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा "ओऽऽ" निघायचा.

दिवस मावळायच्या आत जेवणं, त्यामुळे साडेसहाला आमच्याकडे सेट बंद. शेजारची मुलं हळहळायची. त्यांच्या घरी रात्री नऊपर्यंत मुभा होती, पण सेट नव्हता.

धाकट्यानं एकदा अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आई, मारिओ मशरूम खाऊन मोठा होतो. आपण मशरूम खात नाही ना? मग मारिओला पाप लागतं का?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "तो श्रावक नाही." त्याचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.

आता एक कबुली देते. दुपारी मुलं पेंगली की मीही खेळायची. आवाज बंद करून, वरून पडणाऱ्या विटा खाली बसवायचा तो टेट्रिस. ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते. हिशेब जुळल्याचा जो आनंद असतो ना, अगदी तोच. एके दिवशी घड्याळ बघितलं तर पाऊण तास उलटून गेलेला. दोन घटिका म्हणजे ४८ मिनिटं, एका सामायिकाचा वेळ. सामायिकाला बसलं की मला पंधराव्या मिनिटाला गुडघे आठवतात. त्या दिवशी एकदाही आठवले नाहीत. मी मुकाट्यानं सेट बंद केला, कुणाला काही बोलले नाही.

सेटबरोबर एक बंदूकही आली होती. डक हंट नावाचा गेम. गवतातून बदकं उडतात, टीव्हीवर नेम धरून ती पाडायची. नेम चुकला तर एक कुत्रा गवतातून वर येऊन आपल्याला हसतो. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, माझा थोरला ओरडत होता, "मेलं, मेलं, आणखी एक मेलं!" आणि बाकीची पोरं टाळ्या पिटत होती. हातातली पळी तशीच राहिली. मुंगी बाजूला करून केर काढायला शिकवलेला हा मुलगा.

त्या रात्री मी दोघांना यशोधराची कथा सांगितली. माझं माहेर निपाणीकडचं, आई ही कथा कानडीत सांगायची. जन्नकवीचं यशोधरचरित कानडीतच आहे. संस्कृतात सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक'मध्ये हीच कथा विस्तारानं लिहिली. राजा यशोधराला जीव मारायचा नव्हता, म्हणून त्यानं देवीपुढे पिठाचा कोंबडा करून कापला. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता. त्यापायी त्याला जन्मोजन्मी मोर होऊन, कोंबडा होऊन मरावं लागलं. "पिठाच्या कोंबड्याचं एवढं, तर टीव्हीतल्या बदकाचं किती?" मी विचारलं. धाकटा रडकुंडीला आला. थोरला काही बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात मुलं आजोळी गेली. मी सेट, कॅसेट, वायरी सगळं खोक्यात भरलं आणि लांबच्या नात्यातल्या एका घरी देऊन टाकलं. बंदूक तेवढी दिली नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या हाती ती देणं मला पटेना. फेकवेनाही, कारण पैसे पडले होते. ती माळ्यावरच्या ट्रंकेत गेली. ह्यांना नंतर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्याला विचारायचं होतंस."

मुलं परत आली. धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी विसरला. थोरला रडला नाही, भांडला नाही. ताटात वाढलेलं सगळं खाऊन उठला. मला वाटलं, किती समजूतदार पोरगं, कथा मनाला लागली बघा. मी मंदिरात चारचौघींना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

त्यानंतर त्यानं घरी काही आणताना मला विचारलं नाही, आणि आणलेलं दाखवलंही नाही. पुण्याला शिकत असताना त्यानं गिटार घेतली होती, दोन वर्षं शिकत होता. हे मला त्याच्या लग्नात त्याच्या मित्रांकडून कळलं.

या मे महिन्यात तो नातीला घेऊन आठ दिवस आला. येताना कुठूनसा तसलाच जुना सेट घेऊन आला होता. नातीला मारिओ दाखवता दाखवता सहज म्हणाला, "आई, तू मागितला असतास ना, तर मी दिला असता. माझे ३१० रुपये होते त्यात." रागानं नाही म्हणाला, हसतच म्हणाला. मी भाजी निवडायचं निमित्त करून आत गेले.

त्या रात्री मी रत्नकरंड श्रावकाचार काढून बसले. समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातलं अपध्यान आणि प्रमादचर्या मी त्या पोराच्या नावावर लिहिली होती. पण त्या पाचांत हिंसादानही आहे, म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. बंदूक घरात कुणी आणली? पैसे मोजून आम्हीच आणली. ती रक्कम माझ्या नावे पडायला हवी होती. आणि न दिलेली वस्तू घेणं याला आपल्याकडे चोरी म्हणतात. वस्तू आपल्याच मुलाची असली तर चालेल, अशी सवलत मला कुठे सापडली नाही. अहिंसाव्रत राखायला निघाले आणि अचौर्याला बट्टा लावून बसले.

आणखी एक गोष्ट तेव्हा मी मुलांना सांगितलीच नव्हती. यशोधराच्या कथेत एक आई आहे. राजा काही केल्या जीवहत्येला तयार नव्हता. चंद्रमतीनं, त्याच्या आईनं, त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला पिठाच्या कोंबड्यापर्यंत आणलं. पुढच्या जन्मी तो मोर झाला, आणि ती कुत्री. मी कथा सांगताना आईला गाळूनच टाकलं होतं!

याचा अर्थ कुणी असा घेऊ नका की बदकं मारायला हरकत नाही. मी आजही म्हणते, हातात बंदूक आणि तोंडात "मेलं मेलं" हे आपल्या घरात शोभत नाही. आताच्या मोबाईलमधल्या मारामारीपुढे तर ते बदक काहीच नाही. पण मुलानं स्वतः घेतलेला नियम वेगळा आणि आपण घातलेलं कुलूप वेगळं. धाकट्यानं त्याच वर्षी दशलक्षण पर्वात दहा दिवस टीव्ही न बघण्याचा नियम आपणहून घेतला होता आणि एकदाही मोडला नाही. थोरल्याला मी तशी संधीच दिली नाही. त्याला "ही बंदूक नको वाटते रे, काय करूया?" असं विचारलं असतं तर त्यानं काय उत्तर दिलं असतं, हे आता कधीच कळायचं नाही. कपाटाला कुलूप लावणाऱ्या त्या मैत्रिणीला मी एवढंच विचारणार आहे, की कुलूप लावण्याआधी त्याच्याशी बोललीस का.

जायच्या आदल्या दिवशी मी स्वतः थोरल्याला ट्रंकेतली बंदूक काढायला सांगितली. "तुझी आहे, तूच ठरव काय करायचं." तो बघतच राहिला. मग त्यानं ती पुसली, जोडली, नातीच्या हातात दिली. तिनं नेम धरला, घोडा दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. बदकं आपली उडून गेली आणि तो कुत्रा वर येऊन हसला. थोरला म्हणाला, ही बंदूक जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीवरच चालते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड पकडतो. भिंतीवरच्या या चपट्या टीव्हीवर तिला काही दिसत नाही.

नात मात्र बराच वेळ तशीच खेळत होती. बदकं उडत होती, कुत्रा हसत होता, आणि त्याच्याबरोबर ती. साडेसहा वाजले तसा थोरला आपणहून उठला, सेट बंद केला आणि म्हणाला, "आई, पानं घे."