शुद्ध पाण्यातील अदृश्य शत्रू

बालाघाटच्या ज्या डोंगररांगेवर मांजरसुंबा वसले आहे, त्याच रांगेत, पाटोदा तालुक्यात, मांजरा नदी उगम पावते. मराठवाड्याची तहान भागवीत ती कर्नाटकात व तेथून तेलंगणात जाते आणि अखेर गोदावरीस मिळते. या नदीच्या खालच्या खोऱ्यात, हैदराबादनजीकच्या पाटणचेरू येथे केलेल्या एका संशोधनाने २००७ साली साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. औषधांच्या सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी तेथील सामायिक केंद्रात शुद्ध होऊन नक्कावागू ओढ्यावाटे मांजरेकडे जात होते. त्या ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

कारखान्यांच्या सांडपाण्याची ही कथा झाली. परंतु गावोगावच्या मैलापाण्याची कथा फारशी निराळी नाही. माणसाने घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा भाग शरीराबाहेर पडून गटारात जातो. औषधांना दाद न देणारे जिवाणूही त्याच वाटेने जातात. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. तो इशारा ऐकला गेला नाही. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. दिल्लीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, अत्यंत प्रभावी औषधांनाही निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे जनुक साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोन नमुन्यांत आढळले. रुग्णालयाच्या भिंतींआड कोंडून राहणारा हा शत्रू नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

मग शुद्धीकरण केंद्रे काय करतात? तेथील टाक्यांत जिवाणूच मैल्याचा फडशा पाडतात. पाण्याची दुर्गंधी जाते, गढूळपणा कमी होतो, शेकडा नव्वद ते नव्व्याण्णव रोगजंतूही घटतात. परंतु मुळात संख्याच अफाट असल्याने उरलेला एक टक्काही थोडा नसतो. शिवाय त्या टाक्यांत जिवाणूंची इतकी दाटी असते की, प्रतिकाराची जनुके एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यास आयतीच संधी मिळते. म्हणूनच पाणी नदीत सोडण्यापूर्वी वा शेतास देण्यापूर्वी त्याचे निर्जंतुकीकरण ही अखेरची, पण अनिवार्य पायरी ठरते.

येथेही केवळ उपचार म्हणून क्लोरीन ओतून भागत नाही. पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणांआड जंतू लपतात; अमोनिया असेल तर क्लोरीनची धार बोथट होते. मात्रा पुरेशी हवी आणि पाणी व क्लोरीन यांचा संपर्क साधारण अर्धा तास तरी टिकावयास हवा. अर्धवट मात्रेने दुबळे जंतू मरतात व चिवट तेवढे तगतात. अतिनील किरणांनी घातक अवशेष राहत नाहीत. परंतु जिवाणू मारण्यास जेवढे किरण पुरतात, त्याहून कितीतरी अधिक त्यांची जनुके नष्ट करण्यास लागतात. मेलेल्या जिवाणूचे जनुक जिवंत जिवाणूने उचलावे, हाही निसर्गाचाच एक खेळ आहे. ओझोन परिणामकारक असला तरी महाग पडतो. तात्पर्य, आधी उत्तम गाळणी, मग निर्जंतुकीकरण आणि त्यानंतर नियमित तपासणी, हाच क्रम शहाणपणाचा होय.

कायद्याची स्थिती काय आहे? केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेने शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा एक हजार ठरविली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ती २३० पर्यंत आणण्यास सांगितले. पण या कसोटीत जिवाणू किती, एवढेच मोजले जाते. ते औषधांना जुमानतात की नाही, हे कोणी पाहत नाही. औषधनिर्मितीच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा २०२० साली निघाला, परंतु २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. त्यातच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज निर्माण होणाऱ्या ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाण्यापैकी जेमतेम २०,२३६ दशलक्ष लिटरच प्रत्यक्षात शुद्ध होत होते. जेथे मुळात पहिलीच पायरी नाही, तेथे अखेरच्या पायरीची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु नवी केंद्रे उभारतानाच ही पायरी बांधणे स्वस्त पडते. मागाहून ती जोडणे दुप्पट कष्टाचे होते.

मराठवाड्यास तर हा प्रश्न टाळता येणारच नाही. मांजरा धरण कोरडे पडल्याने २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात सांडपाण्याचा पुनर्वापर ही चैन नसून गरज आहे. पण तेच पाणी कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी यांवर सोडले, तर जे गटारात टाकले ते ताटात परत येणार. धुळे-सोलापूर महामार्गावर, पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता जेथे मिळतो, त्या मांजरसुंब्यासारख्या चौफुलीच्या गावांत ढाबे, उपाहारगृहे व दवाखाने वाढत जाणार, हे उघड आहे. तेथे मोठे केंद्र परवडणार नाही, हे मान्य. तथापि सेप्टिक टाकीचा उपसा ओढ्यात न सोडता ठरावीक जागी वाळविणे, दवाखान्यांनी आपले सांडपाणी जागीच निर्जंतुक करणे, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस असे पाणी न देणे, एवढे तरी ग्रामपंचायतीच्या व जिल्हा परिषदेच्या आवाक्यातले आहे. चिठ्ठीविना गोळ्या घेण्याची व दोन दिवसांत त्या सोडून देण्याची सवय मोडणे, हे तर घरोघरच्या हातात आहे.

नदी डोंगरावर उगम पावते तेव्हा निर्मळच असते; तिला पुढे काय मिळते, ते काठावरची माणसे ठरवितात. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी खरोखर निर्धोक आहे काय, हा प्रश्न नगरपालिकांनी आज प्रयोगशाळेला विचारला नाही, तर उद्या त्याचे उत्तर रुग्णालयातील खाटेवरच मिळेल.