नाव सेवापुस्तकात एक, संगणकात दुसरे



गेल्या महिन्यात वस्तीतल्या एक ताई आल्या. त्यांचे पती नगरपालिकेत सफाई कामगार होते, नोकरीत असतानाच वारले. कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद तीनदा परत आलेला. सेवापुस्तकात ताईंचे नाव लग्नात ठेवलेले, आधार कार्डावर माहेरचे आणि संगणकात तिसरेच! माहिती भरणाऱ्याने ‘ळ’चा ‘ल’ केला, यंत्राने तो इमानेइतबारे जपला. मी स्वतः कारकून आहे. संगणक चुकत नाही असे साहेब सांगतात. पण आपण केलेली चूक तो पक्की करतो, हे कोणी सांगत नाही.

हजेरी, रजा, पगार आता संगणकावर आहेत. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची पगारबिले ‘सेवार्थ’वर निघतात, शिक्षकांची ‘शालार्थ’वर. पगार थेट खात्यात येतो, ही सोय मोठीच. पण खराटा, फावडे धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. माणूस हजर, मशीनवर गैरहजर! अशा दिवशी वाद घालत बसू नका. त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिना उलटला की मुकादमालाही आठवत नाही.

सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. आपली माणसे न वाचताच सही करतात. घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. जन्मतारीख, जात, वारसाचे नाव, रजेचा हिशेब तपासा आणि संगणकातली नोंद तशीच आहे का, तेही विचारा. दुय्यम सेवापुस्तक मागून घरी ठेवा. राज्य सरकारी नोकरांच्या 1981च्या नियमांप्रमाणे जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांतच करावा लागतो. निवृत्तीच्या तोंडावर धावून उपयोग नाही.

कंत्राटी कामगारांचे काय? काम पालिकेचे, पण पालिकेच्या आस्थापनेवर त्यांचे नावच नाही. ठेकेदार बदलला की माणूस नवखा. त्यांनी निदान भविष्य निर्वाह निधीचा 12 अंकी यूएएन क्रमांक लिहून ठेवावा आणि पासबुकात दरमहा रक्कम पडते का ते मोबाईलवर पाहावे. ठेकेदार बदलला तरी हा क्रमांक तोच राहतो.

ताईंचे प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि रेशनकार्डाची प्रत जोडून चौथा अर्ज दिला आहे. शिक्का मारलेली पोच ताईंच्या पेटीत आहे. सोमवारी पुन्हा जायचे आहे.