'मंदी आहे' म्हणण्याआधी शब्द नीट निवडा

माजिवड्यात दुकानदारांना विचारा, "धंदा कसा चाललाय?" उत्तर ठरलेलं: "मंदी आहे हो." मला हा शब्द पटत नाही.

मंदी म्हणजे अख्ख्या देशाचं उत्पादन घटणं. सलग दोन तिमाही घट झाली की तिला मंदी म्हणायची पद्धत आहे. २०२० मध्ये एप्रिल ते सप्टेंबर तसं झालं होतं. तुमच्या गल्ल्याचं दुखणं बहुतेक वेगळंच असतं.

पितृपक्षात बरेच जण कपडे, सोनं घेत नाहीत. तेव्हा धंदा 'थंडावतो'. नवरात्रात परत उठतो. घाबरून भाव पाडू नका, फक्त माल कमी भरा.

मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे लागले, गाडी लावायला जागा उरली नाही. इथे गर्दी 'ओसरली'. गिऱ्हाईक आहे, पण दुकानापर्यंत पोहोचत नाही. फोनवर ऑर्डर घ्या, माल घरपोच द्या.

पण नेहमीची माणसंच एकेक करून कमी होतायत? याला म्हणतात 'रोडावणं'. सगळ्यात धोक्याचं हेच, कारण ते पटकन कळत नाही. फोन करा, का येत नाही ते विचारा. उशीर केलात तर पुढचा शब्द 'बसला'!

मंदी म्हटलं की दोष जगाचा आणि आपण हातावर हात ठेवून बसायला मोकळे. त्यापेक्षा वही काढा, गेल्या वर्षीच्या याच महिन्याची विक्री ताडून बघा. तुमचा शब्द कोणता निघाला, कमेंटमध्ये नक्की लिहा.