डोकीं वाढविल्यानें राक्षस होत नाहीं

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फांशांवर चालणारा कथायुद्धाचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. त्यासाठीं स्वतःचा राक्षस रचणारे आमचे तरुण त्याचीं डोकीं वाढवितात, बळाचे आंकडे दुप्पट करितात आणि यालाच नवनिर्मिति म्हणतात! ही केवळ बेरीज झाली. तिनें युद्ध लांबतें, रंगत नाहीं.

राक्षस निराळा ठरतो तो त्याच्या वधाच्या अटीमुळें. देवीमाहात्म्यांतील रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडतांच नवा दैत्य उठतो. तेथें घाव घालणेंच अंगलट येतें. प्रचलित कथेंत जरासंधाचीं शकलें विरुद्ध दिशांस फेकल्यावांचून तो मरत नाहीं. अमरावती-अकोल्याच्या वाचकांस तर लोणार जवळच आहे. तें विवर उल्कापातानें झालें, हें शास्त्र सांगतें. आख्यायिकेंतला लवणासुर मात्र भूमीखालीं दडलेला, आणि विष्णूला आधीं त्या विवराचें झांकण उडवावें लागलें. तेथें शोध हेंच अर्धें युद्ध!

कोणी म्हणेल, अट न उमगली तर खेळाडू हताश होतील. म्हणूनच रचनाकारानें खुणा आधीं पेराव्या. एवढे श्रम ज्यास नकोत, त्यानें राक्षसाऐवजीं भिंत उभी करावी. वार तीही पुष्कळ सोसते.